रंग वाळल्यावर गडद होतो

रविवारी दुपारी साडेबारा वाजता भुरी डोक्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून बाथरूममधल्या स्टुलावर बसली होती आणि दाराबाहेर तिचा नवरा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभा होता. नवरा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचा. एकतीस वर्षं शिकाऊंच्या शेजारी बसून त्याचा एक पाय कायमचा ब्रेकवर राहिला होता; संसारातसुद्धा.

"अगं, पस्तीस मिनिटं झाली. पाकिटावर तीस लिहिलंय."

"लिहू दे. अजून वीस."

"डोकं चुरचुरत नाहीये?"

"चुरचुरतंय."

"मग उतर ना खाली! म्हणजे... धू ना!"

"अहो, रंगातलं मला सांगू नका. ओला रंग फिका दिसतो, वाळला की एक शेड गडद होतो. म्हणून हवा त्याच्यापेक्षा एक शेड फिका ठेवायचा."

नवऱ्याने पुन्हा घड्याळ बघितलं. रंगाच्या बाबतीत तिच्यापुढे बोलायची सोय नव्हती. भुरी रंगाच्या दुकानात शेड जुळवायच्या काउंटरवर बावीस वर्षं होती. गिऱ्हाइकाने भिंतीचा पोपडा आणावा, शर्टाचं बटण आणावं, एकाने तर पाळीव पोपटाचं पीस आणलं होतं. भुरी डोळे बारीक करून बघायची आणि पाच मिनिटांत डबा हातात ठेवायची. 'वाळल्यावर गडद होतो' हे वाक्य ती दिवसातून दहा वेळा बोलायची. भिंतींच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं होतं. केसांना मात्र कुणी विचारलं नव्हतं.

हा सगळा खटाटोप आईसाठी होता. आई वृद्धाश्रमात होती. तिची स्मरणशक्ती एकेक माणूस सोडून देत होती. गेल्या थंडीत भुरीचा नंबर लागला. तेव्हापासून दर रविवारी चार वाजता भुरी आली, की आई पदर सारखा करून म्हणायची, "या, बँकेतल्या बाई." आणि मग तासभर भुरीच्याच तोंडावर भुरीची गाऱ्हाणी.

"आमची भुरी काही फिरकत नाही हो."

"कामात असेल."

"असेल. पण माणसाने फोन तरी करावा."

यावर बँकेतल्या बाईंनी काय बोलायचं? भुरी मान खाली घालून ऐकून घ्यायची आणि बसमध्ये बसल्यावर डोळे पुसायची. मागच्या रविवारी मात्र तिने धीर करून विचारलं, "दिसते कशी तुमची भुरी?"

"कशी म्हणजे? भुरी. उन्हात उभी राहिली की केस अगदी चहाच्या रंगाचे दिसायचे."

"दुधाचा की कोरा?" भुरीने सवयीने विचारलं.

"कोरा. पातळ."

भुरीच्या डोक्यात तिथल्या तिथे उजेड पडला. आई मुलगी विसरली नव्हती. रंग चुकला होता. एक्केचाळिसाव्या वर्षी पहिला पांढरा केस दिसला, तेव्हा पार्लरवालीने "काळाच बरा, उठून दिसतो" म्हणून डोकं काळं करून दिलं, आणि ते गेली तेरा वर्षं काळंच होतं. आई शोधत होती भुऱ्या केसांची मुलगी आणि पुढे येऊन बसत होती कुणीतरी काळ्याभोर केसांची बाई. आईचं तरी काय चुकलं?

घरी येऊन भुरीने पातळ कोरा चहा केला, काचेच्या ग्लासात ओतून खिडकीत ठेवला आणि दुकानातलं शेड कार्ड त्याच्या शेजारी धरलं. पाचशे चौदा नंबर जुळला. ते कार्ड घेऊन ती सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात गेली आणि तिथल्या मुलीला म्हणाली, "केसांसाठी पाचशे चौदा द्या." मुलीने बराच वेळ तिच्याकडे पाहून फिक्या तपकिरी रंगाचं पाकीट दिलं.

शुक्रवारी ते लावलं. काही म्हणजे काही झालं नाही. काळ्या भिंतीवर फिक्या रंगाचा एक हात मारून भागत नाही, आधी भिंत खरवडावी लागते, हे जन्मभर लोकांना सांगणारी बाई स्वतःच्या डोक्याच्या वेळी नेमकं विसरली. म्हणून रविवारी खरवडकाम. म्हणजे ब्लीच.

पंचावन्न मिनिटांनी भुरीने डोकं धुतलं आणि टॉवेल काढला. ओले केस गाजरासारखे दिसत होते.

"भडक आहे," नवरा दारातून म्हणाला.

"वाळले की गडद होतील."

दोघं खिडकीपाशी बसून ते गडद व्हायची वाट बघू लागले. केस वाळत गेले आणि दर मिनिटाला जास्तच उजळत गेले. मुळांशी जे पांढरे केस उगवले होते ते पिवळेधमक झाले. मधला भाग केशरी पेटला. टोकांवर तेरा वर्षांच्या काळ्या रंगाचे थर होते, ते जागचे हलले नाहीत.

"अगं, हे उलटंच—"

"दिसतंय मला."

पण भुरी हार मानणारी नव्हती. भगवा जास्त झाला की दुकानात ती निळ्याचे दोन थेंब टाकायची आणि रंग शांत व्हायचा. तिने नवऱ्याला पिटाळून केसांचं राखी शेडचं पाकीट मागवलं, कारण राखीत निळा असतो. मधला केशरी खरंच थोडा निवला. मुळांशी मात्र पिवळ्यावर निळा बसला. पिवळ्यात निळा मिसळला की काय होतं, हे सांगायला बावीस वर्षांचा अनुभव लागत नाही.

"हिरवा," नवरा म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "वर हिरवा, मधे लाल-पिवळा, खाली डांबरी रस्ता. माझ्या शिकाऊंना सिग्नल शिकवायला रोज चौकापर्यंत न्यावं लागतं, त्यापेक्षा तू—"

भुरी हसली नाही. ती आरशासमोर उभी होती. "पावणेचार झाले," ती म्हणाली. "आता तर ती मला अजिबातच ओळखणार नाही."

नवऱ्याने ब्रेकवरचा पाय काढला. "चल," तो म्हणाला, "स्कार्फ बांध. मी सोडतो." ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर 'शिकाऊ' अशी मोठी पाटी होती, त्यामुळे रस्ताभर सगळे त्यांच्यापासून चार हात लांब राहिले. त्या दिवशी भुरीला ते बरंच वाटलं.

आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. तिने भुरीकडे पाहिलं, पण 'या, बँकेतल्या बाई' म्हणाली नाही.

"डोक्याला काय लागलंय तुमच्या?"

"काही नाही."

"काही नाही कसं? सोडा बघू ते."

भुरीने स्कार्फ सोडला.

"अगंबाई!" आईने दोन्ही हात गालांवर ठेवले. "कुणी केलं हो हे?"

"मीच."

"तरीच! बसा. अशा इथे बसा." आईने तिचा हात धरून तिला जवळच्या पलंगावर बसवलं. किती महिन्यांनी धरला होता. "घाबरू नका. योग्य ठिकाणी आलात. माझी मुलगी रंगाच्या दुकानात आहे. काहीही दाखवा तिला, पोपटाचं पीस दाखवा, हुबेहूब रंग जुळवते. दुकान तिच्यावर चालतंय म्हणा ना! हे तुमचं असलं-तसलं ती चुटकीसरशी निस्तरेल."

भुरी स्कार्फची घडी घालू लागली. "येते का ती इथे?"

"येते का म्हणजे? दर रविवारी, चारच्या ठोक्याला. एक रविवार चुकवलेला नाही पोरीने."

"पण तुम्ही... म्हणजे मी ऐकलं, की ती फिरकत नाही."

आईने दाराकडे बघून आवाज खाली आणला. "ते मी त्या बँकेतल्या बाईला सांगते. येते आणि नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसते. तिच्यापुढे मी पोरीचं कौतुक करत नाही. चेहऱ्यावरून जरा जळकी वाटते."

भुरीला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही येऊ लागलं, म्हणून तिने स्कार्फ नाकाला लावला.

"रडू नका हो," आई तिच्या हिरव्या मुळांवरून हात फिरवत म्हणाली. "येईलच ती आता. चार वाजून गेले ना?"

"गेले."

"मग काय तर. थांबा थोडं."

दोघी दाराकडे बघत बसल्या. आईने तिचा हात सोडला नाही.

"आज उशीर झाला वाटतं तिला."

"ट्रॅफिक असेल," भुरी म्हणाली.

"असेल. पण तुम्ही जाऊ नका."

"नाही जात."

पाच वाजता भेटीची वेळ संपली, तेव्हा भुरीला उठावंच लागलं. खाली नवरा गाडीत बसून होता. तिचे लाल डोळे बघून त्याने गाडी सुरू केली. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो जपून म्हणाला, "उद्या पार्लरवालीकडे जा. एका तासात सगळं काळं करून देईल. कुणाला कळणारही नाही."

भुरीने समोरच्या आरशात स्वतःकडे पाहिलं. बोटांनी मुळांजवळचे केस चाचपले, डोळे बारीक केले.

"अहो," ती म्हणाली, "हा हिरवा पुढच्या रविवारपर्यंत टिकेल ना?"