शिलाई मशीनचं तेल

"घड्याळ दोन आठवडे ठेवून जा," घड्याळजी म्हणाला आणि टोलेबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

टोलेबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या वेळा सांभाळणं हे त्यांचं काम, आणि उशिरा आलेल्या माणसाला त्या असे काही शब्द ठेवून द्यायच्या की टॉवरच्या घड्याळाचे टोले परवडले. म्हणून हे नाव पडलं. वेळ पाहायला त्यांच्याकडे वडिलांचं जपानी घड्याळ होतं. चावीचं, मनगटावरचं. सकाळी त्याला चावी दिल्याशिवाय बाई चहाला तोंड लावत नसत. एवढं करूनही ते हल्ली मागे पडू लागलं होतं.

"आतलं तेल वाळलंय," घड्याळजीनं समजावलं. "सगळं खोलायचं, धुवायचं, नवं तेल घालायचं. घाईचं काम नाही."

"तेल घालायला दोन आठवडे? आणि तोवर मी काय, सूर्याकडे बघून पेशंट सोडू?" असं म्हणून बाईंनी घड्याळ उचललं आणि तरातरा घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लोण्याच्या सुरीनं घड्याळाचं मागचं झाकण उचकटलं. आत इवलीशी चाकं, आणि मध्ये केसाएवढी बारीक स्प्रिंग श्वास घेतल्यासारखी आत-बाहेर करत होती. बाईंनी तेलाची कुपी उचलली.

"अगं, ते शिलाई मशीनचं तेल आहे," त्यांचे यजमान घाबरून म्हणाले.

"मग हे काय आहे? मशीनच ना?"

एक थेंब घालायचा होता, तीन पडले. झाकण लावलं, चावी दिली, रेडिओवरच्या वेळेला काटे जुळवले. घड्याळ अशा लगबगीनं टिकटिक करू लागलं की बाई खूश झाल्या. "बघा कसं तरतरीत झालं! म्हणे दोन आठवडे!"

तेल त्या बारीक स्प्रिंगला लागून तिचे वेढे एकमेकांना चिकटले होते आणि घड्याळ पिसाळल्यासारखं पुढे पळत होतं, हे बाईंना कळायला मार्ग नव्हता.

बाई कामावर पोचल्या आणि दवाखान्याला कुलूप पाहून त्यांचा पारा चढला. डॉक्टर आले तेव्हा बाई पायरीवर उभ्याच होत्या. "या! आज दुपारीच यायचं होतं!" डॉक्टरांनी आपल्या घड्याळाकडे पाहिलं, मग बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं कुलूप उघडलं. आत भिंतीवरचं घड्याळही मागे निघालं. बाईंनी स्टुलावर चढून ते पुढे केलं. थोड्या वेळानं पाहतात तो ते पुन्हा मागे! "सगळेच मेले आळशी," म्हणत त्यांनी ते पुन्हा पुढे ढकललं.

पहिल्या पेशंटला डॉक्टरांनी भुलीचं इंजेक्शन देऊन दहा मिनिटं बाहेर बसवलं. जाडजूड भुवयांचे, मफलर गुंडाळलेले गृहस्थ. बाईंनी आपल्या घड्याळावर मिनिटं मोजली आणि त्यांना आत पिटाळलं. पाठोपाठ आतून अशी आरोळी आली की बाहेरची मंडळी आपापले गाल धरून दाराकडे सरकली. भूल अजून चढलीच नव्हती. डॉक्टरांनी दुसरं इंजेक्शन दिलं. काम उरकून गृहस्थ बाहेर येऊन बसले, तेव्हा त्यांचं अर्धं तोंड बधिर होतं आणि उरलेल्यात कापूस होता.

तेवढ्यात एक शिंपी आला.

"तुमची वेळ कधीच गेली. पुढच्या सोमवारी या," बाई कडाडल्या.

"गेली? मी तर वेळेआधी आलोय! माझ्या घड्याळात बघा."

"ते दुरुस्तीला टाका आधी!"

"अहो, रेडिओ लावा. रेडिओ तर खोटं बोलणार नाही?"

बाईंनी कपाटावरचा रेडिओ लावला. रेडिओनं शिंप्याची बाजू घेतली. आता मात्र हद्द झाली! बाईंनी थेट रेडिओ केंद्राला फोन लावला.

"चक्क चुकीची वेळ सांगता? लोकांनी विश्वास ठेवायचा कुणावर?"

मफलरवाले गृहस्थ धडपडत उठले. "आई... घयाय... घयाय उएँ!"

"घाई मला नाही, तुम्हालाच दिसतेय. बसा!" बाई पुन्हा फोनमध्ये शिरल्या. "हे आजकालचे पोरखेळ मला सांगू नका. तुमचे ते सकाळचे निवेदक आहेत ना, त्यांना बोलवा. वर्षानुवर्षं मी त्यांच्या आवाजावर घड्याळ लावते. तो एकच माणूस खरा!"

पलीकडचा माणूस काहीतरी बोलला. बाईंनी हळूच विचारलं, "दातांच्या दवाखान्यात? कुठल्या?"

मफलरवाल्यांनी हात वर केला. मग पुढे येऊन आपल्या मनगटावरचं घड्याळ बाईंसमोर धरलं.

बाईंनी फोन खाली ठेवला. वडिलांचं घड्याळ कानाशी नेलं. एखादं घाबरलेलं पाखरू आत फडफडत असावं, तसा आवाज येत होता. त्यांनी ते काढून रुमालात गुंडाळलं, शिंप्याला खुणेनंच आत पाठवलं आणि त्याचं काम झाल्यावर डॉक्टरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सकाळी तुमच्या घड्याळात बरोबर वेळ होती?"

"होती," डॉक्टर पुटपुटले.

"मग बोलला का नाहीत? एवढे शिकलात, आणि एक शब्द फुटला नाही तोंडातून?"

"मला वाटलं, माझंच चुकलं असेल," डॉक्टर म्हणाले. "मी ते पुढे करून घेतलं, बाई. तुमचं कधी चुकत नाही ना."

बाईंनी स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ मागे केलं.

संध्याकाळी घड्याळजीनं झाकण उघडलं आणि डोळे मिटून घेतले. "हे तेल कुणी ओतलं?"

"आमच्या ह्यांनी," बाई संतापानं म्हणाल्या. शेजारी उभ्या असलेल्या यजमानांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी बाई रिकाम्या मनगटानं दवाखान्याच्या पायरीवर उभ्या होत्या. डॉक्टर समोरून येताना दिसले.

"उशीर झाला तुम्हाला," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी आपल्या घड्याळाकडे पाहिलं. ते रात्री रेडिओशी जुळवून घेतलेलं होतं, आणि त्याप्रमाणे डॉक्टर चांगले लवकर आले होते.

"चुकलं, बाई," ते म्हणाले आणि भराभर पायऱ्या चढले.