सौम्य गाडीची कडक शिस्त

माणसाने यंत्राला वळण लावण्याचे दिवस संपले असून आता यंत्राने माणसाला वळण लावण्याचे दिवस आले आहेत. ही प्रगती आहे, आणि प्रगतीबद्दल कुरकुर करू नये. केल्यास ती वाजते.

आमच्या बडोद्याच्या, तरसालीतल्या घरात सदर प्रगती दसऱ्याला आली. रंग पांढरा, जात माइल्ड हायब्रिड. म्हणजे काय, असे मी शोरूममधल्या हार्दिकभाईंना विचारले. ते म्हणाले, "अंकल, टेन्शन नहीं. पेट्रोलनीज गाडी छे. बॅटरी बस थोडी हेल्प करे." मला लगेच कळले. लग्नात मुलीच्या पाठीशी मामा उभा असतो, तशी ही बॅटरी. लग्न मामाचे नसते, पण फोटोत तो असतो.

बाकी गुण हार्दिकभाईंनी बोटांवर मोजून दाखवले. अंधार झाला की दिवे आपोआप लागतात. पाऊस आला की वायपर आपोआप फिरतात. सिग्नलला गाडी थांबली की पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन आपोआप बंद होते, आणि ब्रेकवरचा पाय काढला की आपोआप सुरू होते. समोर काही आडवे आले की ब्रेक आपोआप लागतो. गाडी रस्त्यावरच्या रेघा ओळखून त्यांच्या मधोमध राहते. (रेघा बडोद्यात दोनच ठिकाणी स्पष्ट असतात, महामार्गावर आणि गरब्याच्या मैदानात. दुसऱ्या ठिकाणी गाडी नेता येत नाही.) चालक थकला असे वाटल्यास काचेखाली चहाच्या कपाचे चित्र लागते. एवढे सगळे आपोआप झाल्यावर चालकाने काय करायचे, हे मी विचारले नाही. चाळीस वर्षे मी कारखान्याची स्टाफ बस चालवली. कारखान्यातही हा प्रश्न कोणी विचारत नसे.

पूजा शोरूमच्या दारातच झाली. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर स्वस्तिक, हे रीतीप्रमाणे झाले. पण आमच्या कमलाला, म्हणजे माझ्या पत्नीला, कुठलीही पूजा जरा सढळ हाताने करायची सवय आहे. उरलेले ओले कुंकू तिने समोरच्या काचेवर, आरशाच्या बरोबर वर, बोटाने लावले. पाऊस ओळखणारा डोळा नेमका तिथे होता. मी गाडी सुरू करताच डोळ्याने पाऊस पडत असल्याचे जाहीर केले आणि वायपरनी ते कुंकू काचभर पसरवले. वायपर थांबवण्यासाठी मी हाताला लागेल ते दाबत गेलो. हॉर्न वाजला, डावीकडचे दिवे लुकलुकले, कुठलातरी गरबा मोठ्याने सुरू झाला आणि छताची काच उघडली. त्या काचेतून पेढ्यांचा पुडा धरलेले हार्दिकभाई आत डोकावून म्हणाले, "अंकल, शांती राखो."

त्याच संध्याकाळी घरात सूनबाईंच्या, म्हणजे ऋचाच्या, अध्यक्षतेखाली बैठक झाली. जुनी गाडी आधीच विकली होती. असे ठरले, की रविवारी मी कमलाला खंडेराव मार्केटला घेऊन जावे, आमचे चिरंजीव सलील यांनी शेजारी बसून पाहणी करावी, आणि पाहणीत मी नापास झाल्यास किल्ली सलीलकडे जमा व्हावी.

"आणि भाजी?" कमलाने विचारले.

"फोनवरून मागवू की आई. दहा मिनिटांत येते."

"भेंडीचा शेंडा मोडून कोण बघणार? फोन?"

उत्तरादाखल ऋचाचा फोन वाजला, आणि तिने तो घेतला.

आता यात माझे काय जाणार होते, ते सांगतो. कमलाचे गुडघे रिक्षात चढत नाहीत. आठवड्यातून एकदा खंडेराव मार्केटात जाऊन भाजीवालीशी तासभर भांडणे, हाच तिचा गावाशी उरलेला संबंध. किल्ली गेली असती तर ती घरात बसली असती, आणि ती घरात बसली असती तर ते तासभराचे भांडण कोणाच्या वाट्याला आले असते, हे बैठकीत कोणी लक्षात घेतले नाही. म्हणून मी गाडीबरोबर आलेली जाडजूड पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढली. मला अक्षरे उशिरा आली, त्यामुळे छापलेले सगळे पूर्ण वाचावे लागते असाच माझा समज आहे. ज्यांना लहानपणी येतात त्यांचा तो गैरसमज लवकर दूर होतो.

रविवारी निघालो. कमला मागे, पिशव्यांसह. सलील शेजारी बसला आणि पट्टा न लावता फोन बघू लागला.

"सलील, पट्टा," मी म्हणालो.

"हो बाबा."

हे 'हो बाबा' मी तो नोकरीला लागल्यापासून ऐकतो आहे. त्याचा अर्थ 'नाही' असा असून ते आदराने म्हटले जाते. पण तेवढ्यात गाडी वाजली. टिंग, टिंग, टिंग. सलीलने मान वर न करता हात मागे नेला, पट्टा ओढला आणि खटकन लावला. वाद नाही, कपाळाला आठी नाही. मी आरशातून कमलाकडे पाहिले. तीही माझ्याकडेच पाहत होती.

लालबागच्या अलीकडे सिग्नल लागला. गाडी थांबली, इंजिन आपोआप बंद झाले. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे मी ब्रेकवर पाय ठेवून शांत बसलो. शांत बसलेला माणूस आपल्याकडे अडचणीत आहे असे समजतात.

"बाबा! बंद पाडलीत!" सलील ओरडला.

"नाही रे, ती आपोआप..."

पण तो पट्टा काढून खाली उतरला होता. शेजारच्या रिक्षावाल्याने विचारले, "शुं थयुं, काका?" आणि उत्तराची वाट न पाहता तोही उतरला. बडोद्याचा माणूस बंद गाडीला धक्का मारायला कधी नाही म्हणत नाही, ती बंद आहे का हे मात्र तो विचारत नाही. मागच्या स्कूटरवरचे दोघे आले. चौघांनी मिळून धडधाकट गाडीला जोर लावला. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला, मी ब्रेकवरचा पाय काढला, आणि इंजिन सुरू झाले.

"चालू थई गई!" रिक्षावाल्याने टाळी वाजवली. मी काच खाली करून सर्वांचे आभार मानले. एवढ्या कष्टांनंतर खरे सांगणे बरे दिसले नसते. मागचे हॉर्न मारत होते, म्हणून पुढे निघालो. सलीलने बरेच अंतर धावत येऊन गाडी गाठली. (पाहणी अधिकारी धावत असताना पाहणी चालू आहे असे धरायचे की नाही, याबाबत बैठकीत काही ठरले नव्हते.) आत बसल्यावर तो धापा टाकत म्हणाला, "धक्क्याने सुरू झाली म्हणून बरं." गाडी पुन्हा वाजली. त्याने पुन्हा पट्टा लावला.

खंडेराव मार्केटात कमलाने मनासारखी भेंडी मोडली आणि मनासारखे भांडण केले. परतताना तिला दांडिया बाजारात देवदर्शन करायचे होते. तिथे रस्त्याच्या मध्ये एक गाय उभी होती. ती रोज तिथेच असते, फक्त तोंड कधी इकडे तर कधी तिकडे. मी लांबूनच पाय ब्रेकवर नेला होता. मी तो हळूहळू दाबत असताना गाडीला गाय दिसली. समोर लाल दिवा लागला, गाडी किंचाळली आणि कचकन थांबली. एक भेंडी उडून पुढे आली. गाईने कान हलवला.

"बघितलंत बाबा?" सलील भारावून म्हणाला. "गाडीने वाचवलं."

"हो," मी म्हणालो. माझा पाय अजून ब्रेकवरच होता, पण तो वाजला नव्हता.

रात्रीच्या जेवणाला निकाल लागला. सलीलने ऋचाला सांगितले, "चालवू देत बाबांना. काही काळजी नाही. लक्ष ठेवायला गाडी आहे ना." अशा रीतीने मी पास झालो. सर्व गुण गाडीला मिळाले, प्रमाणपत्र माझ्या नावाचे. कमलाचे मार्केट वाचले, तेव्हा गुण कोणाला मिळाले याने फरक पडत नाही.

जेवताना दोघेही फोनमध्ये होते आणि ताटातल्या पोळ्या गार होत होत्या. "जेवा रे गरम गरम," कमला म्हणाली.

"हो आई."

पुस्तिकेत बोलण्याबद्दल काही नव्हते. मी स्टीलची वाटी घेतली आणि चमच्याने तीनदा वाजवली. टिंग, टिंग, टिंग. दोघांनी वर न बघता फोन पालथे ठेवले आणि पोळी मोडली.

तेव्हापासून आमच्या घरात पूर्ण शांतता आहे. कोणी कोणाला काही सांगत नाही. दिवा मालवायचा असेल तर वाटी एकदा, गोळी घ्यायची असेल तर दोनदा, सलीलने बहिणीला फोन करायचा असेल तर तो करेपर्यंत. ऋचा सगळ्यांना सांगते, "आमच्याकडे आताशा कटकट अगदी गेली."

फक्त एक अनपेक्षित परिणाम झाला. पुढच्या रविवारी कमला पुढच्या सीटवर बसली. तिच्या मांडीवर पिशव्या होत्या आणि पिशव्यांवर वाटी-चमचा. मकरपुऱ्याच्या वळणावर मी जरा वेग घेतला. गाडी वाजण्याच्या आत ती वाजली. मी लगेच वेग कमी केला.

"हेच मी लग्न झाल्यापासून सांगत होते," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघू लागली. काचेखाली चहाच्या कपाचे चित्र लागले. मी दुसरा कप मागितला की ती एरवी माझ्या साखरेचे कारण सांगून नाही म्हणते. पण गाडीचे म्हणणे तिला मोडवेना, आणि आम्ही चहाला थांबलो.

तुम्ही हसलात, हे योग्यच आहे. हे वाचता वाचता तुम्ही मध्येच खिशाकडे किंवा मनगटाकडे एकदा तरी पाहिले असेल, कारण तिथे काहीतरी वाजले. तेवढ्याच वेळात आतल्या खोलीतून कोणीतरी तुम्हाला काही सांगितले, आणि तुम्ही 'हो' म्हणालात. काय सांगितले, ते आठवते आहे का पाहा. आठवत नसेल तर दोष तुमचा नाही. त्या खोलीत वाटी नेऊन ठेवा.