दहा मिनिटांचं मशीन

"माळी? घरात मी असताना माळी कशाला?" मास्तर छाती फुगवून म्हणाले, आणि इथेच घात झाला!

खरं तर चित्रकला शिकवणाऱ्या माणसाने पेन्सिलीला टोक काढण्यापलीकडे कुठल्या यंत्राच्या वाटेला जाऊ नये. पण मास्तरांची आई खुब्याचं ऑपरेशन होऊन महिन्याभराने त्या दिवशी पाच वाजता घरी येणार होती. पुढच्या दाराला सात पायऱ्या. डॉक्टरांनी बजावलेलं, वॉकर धरून सपाटीवर चालायचं, पायरी अजिबात नाही! म्हणजे फाटकापासून पायरी नसलेल्या मागच्या दारापर्यंतची वाट हवी, आणि त्या वाटेवर कमरेएवढं गवत माजलेलं. महिनाभर आईच्या रिकाम्या खोलीवरून जाताना मास्तरांचा जीव कासावीस व्हायचा. तेव्हा ही वाट आपल्याच हातांनी मोकळी करायची असं त्यांनी ठरवलं आणि साडूंकडून गवत कापायचा ब्रशकटर मागून आणला.

मशीन खांद्याला लावताच टाकीच्या झाकणातून पेट्रोलचे चार थेंब पँटवर सांडले. झाकण सैल! त्या घरात सैल झाकण म्हणजे गुन्हा. आईचा नियमच होता, बरणी असो की डबा, तोंडावर प्लास्टिक ताणायचं आणि वरून झाकण दाबून फिरवायचं. वारा म्हणून आत जाता कामा नये! पन्नाशीला आलेल्या मास्तरांना हे एकदाही नीट जमलं नव्हतं आणि त्यावरून बोलणी खाणं अजून चालूच होतं. आज मात्र त्यांनी बिस्किटांच्या डब्याचं प्लास्टिक काढून आणलं, टाकीच्या तोंडावर ताणलं आणि झाकण करकचून आवळलं. आता सांड म्हणावं!

दोन वाजता दोरी ओढली. मशीन असं गरजलं की कुंपणावरचं मांजर दिसेनासं झालं. गवत भराभर आडवं पडू लागलं. "बघितलंस?" मास्तर बायकोला ओरडून म्हणाले. बरोबर दहा मिनिटांनी मशीनचा आवाज बसला, जोर गेला, थोडी कुरकुर झाली आणि सगळं गप्प.

साडूंना फोन लावला.

"आधी पेट्रोल बघा! मग एअर फिल्टर साफ करा."

मास्तरांनी झाकण उघडलं. फुस्स! मशीनने मोठा सुस्कारा टाकला. पेट्रोल भरपूर होतं. प्लास्टिक पुन्हा ताणून, झाकण आवळून त्यांनी फिल्टर धुतला, वाळवला, बसवला. दोरी ओढली, मशीन गरजलं! "फिल्टरच होता हो!" त्यांनी साडूंना कळवलं. पुढच्या दहा मिनिटांत मशीन पुन्हा ठप्प.

आवाज थांबलेला ऐकून शेजारचे कंपाउंडर आले. आयुष्य दवाखान्यात गेलेलं. त्यांनी मशीनला कान लावला.

"मास्तर, याला दम लागतोय. जीव कोंडतोय बिचाऱ्याचा."

"फिल्टर तर धुतला की!"

"मग प्लग!"

मास्तरांनी साडूंच्या आज्ञेप्रमाणे आधी पेट्रोल बघितलं. फुस्स! भरपूर. झाकण पुन्हा आवळलं. कंपाउंडरांनी प्लग काढून जखम पुसावी तसा पुसला. मशीन गरजलं! "माझं निदान चुकायचं नाही," कंपाउंडर मिश्या पिळत म्हणाले. दहा मिनिटांनी त्या मिश्या खाली आल्या.

"अहो, तापलंय ते! जरा पडू द्या," बायको म्हणाली आणि पुठ्ठ्याने वारा घालत बसली. तेवढ्यात मास्तरांनी पेट्रोल बघून घेतलं. मशीन चालू झालं! दहा मिनिटांनी बंद. आता मात्र ती मशीनवरच खवळली. "आई यायच्यात पाचला, आणि ही काय नाटकं लावलीयेस? गुमान चाल!" मास्तरांनी सवयीने झाकण उघडलं, लावलं, दोरी ओढली. चाललं की हो!

मास्तरांचं डोकं गरगरायला लागलं. फिल्टरने चालतं, प्लगने चालतं, वाऱ्याने चालतं, शिव्यांनीही चालतं! मग बिघडलंय काय? आणि यातला खरा इलाज कुठला? धोका नको म्हणून त्यांनी पुढे दर वेळी सगळंच करायचं ठरवलं. पेट्रोल, फिल्टर, प्लग, पुठ्ठा आणि शेवटी बायको, याच क्रमाने.

पाच वाजता आईला घेऊन मास्तरांच्या ताईची गाडी फाटकाशी थांबली. वाट बारा फूट उरलेली, आणि मशीन नेमकं तेव्हाच मेलं! मास्तरांना रडूच यायचं बाकी होतं. गाडीचं दार उघडून आई बसल्या जागेवरून बघत राहिली. झाकण उघडलं, फुस्स! फिल्टर झटकला, प्लग पुसला, पुठ्ठा हलला, बायको मशीनवर ओरडली.

"बाळ्या," आई म्हणाली, "ते फुस्स कशाने होतं रे?"

"सुस्कारा टाकतं ते, आई. दमतं."

"इकडे आण ते झाकण. प्लास्टिकसकट."

अजून तिथेच रेंगाळलेल्या कंपाउंडरांनी झाकण उलटं केलं. आत बारीक भोक होतं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो मास्तर, टाकीत हवा जायला भोक ठेवलंय हे! पेट्रोल कमी होणार, वरून हवा नाही, मग ते इंजिनाकडे येणार कसं? तुम्ही झाकण उघडायचात तेवढ्यापुरती हवा जायची! मी म्हटलं नव्हतं, जीव कोंडतोय?"

राहिलेल्या गवतात जाऊन लपावं असं मास्तरांना वाटलं. आईने मात्र ते प्लास्टिक हातात धरून निरखलं. झाकणाची गोल खूण त्यावर स्पष्ट उमटली होती.

"इतकं घट्ट!" ती हरखून म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा झाकण नीट लावलंस रे, बाळ्या. आणि तेही नको तिथे!"

प्लास्टिकशिवाय बारा फूट तीन मिनिटांत साफ झाले. पँटवर थेंब सांडत होते, सांडू देत! आई वॉकर टेकत एकेक पाऊल पुढे आली. लहान मुलाला चालवावं तसे मास्तर तिच्यापुढे हात पसरून उलटे चालत होते. ती दारातून आत गेली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

चहा झाला. आईने दुपारपासून उघड्या राहिलेल्या डब्यातून बिस्कीट उचललं. ते चहात बुडवायच्या आधीच मधून वाकलं. आईने बिस्किटाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

"बाळ्याऽऽ!"

मास्तर तोपर्यंत मागच्या दाराने बाहेर पडले होते. वाट मोकळीच होती.