मोठ्यानं वाच, बाय

सायमनकाका चहासुद्धा विरामचिन्हांसकट मागवतात. फोन कानाला लावतात आणि खणखणीत आवाजात सांगतात, "दोन कटिंग, स्वल्पविराम, एक बिनसाखरेचा, पूर्णविराम." खालचा टपरीवाला नवीन होता तेव्हा त्यानं बिचाऱ्यानं विचारलं होतं, "चाचा, वो पूरनविराम तो खतम हो गया, खारी भेजूँ क्या?" काकांनी खारी मागवली, चहात बुडवून खाल्ली, पण सवय काही सोडली नाही.

भाईंदर पूर्वेला एका पिठाच्या गिरणीच्या वर आमच्या दैनिकाचं ऑफिस आहे. मी तिथे इंटर्न म्हणून गेले तेव्हा माझ्या डोक्यात भलतीच चित्रं होती. मी महापालिकेच्या पायऱ्यांवर उभी राहून प्रश्न विचारतेय आणि अधिकाऱ्यांना घाम फुटतोय, वगैरे. पहिल्याच दिवशी मालकांनी कोपऱ्यातलं टेबल दाखवलं आणि म्हणाले, "काकांसमोर बस. ते देतील ते वाच." बातमीदार सगळे बाहेरूनच व्हॉट्सअ‍ॅपवर बातम्या पाठवतात, ऑफिसची पायरी चढत नाहीत. पानं लावणारा ऑपरेटर कानाला हेडफोन लावून बसतो, त्याला हाक मारायची तर खांदा हलवावा लागतो. मालक संध्याकाळी एक चक्कर टाकतात. राहता राहिले काका आणि मी.

काका जवळच्याच, समुद्राकाठच्या उत्तन गावचे. पेपरातल्या चुका काढणं हे त्यांचं काम, म्हणजे मुद्रितशोधन. आजकाल हे काम लोक स्क्रीनवर नजर फिरवून उरकतात. काकांनी मात्र छापखान्यातली जुनी पद्धत घट्ट धरून ठेवली होती. एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं छापायच्या पानावर बोट फिरवत तपासायचं. स्वल्पविराम आला की तोही वाचायचा. अवतरणचिन्ह सुरू झालं की "उघडं" म्हणायचं, संपलं की "बंद". वाचणारी अर्थात मी. खाली गिरणी चालू, त्यामुळे रस्त्यावरच्या खड्ड्यांची बातमीसुद्धा सभेत भाषण ठोकल्यासारखी वाचावी लागायची. "मोठ्यानं वाच, बाय," काका दर दोन ओळींनी सांगायचे. पहिल्या आठवड्यातच माझा घसा बसला. आईला वाटलं, पोरगी मोर्चे कव्हर करतेय. तिनं तसं आमच्या सगळ्या सिल्व्हर पार्कभर सांगितलंही.

घसा बसल्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी शर्टाच्या खिशातून ज्येष्ठमधाची काडी काढून माझ्यापुढे ठेवली. "चघळ. माझ्या प्रत्येक वाचणारीला देतो."

"पण काका, मनातल्या मनात वाचलं तर काय बिघडतं?"

"डोळा लबाड हाय, बाय. त्याला जे बघायचं ते बघतो. कान गरीब. येईल ते ऐकतो."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवेन. मी कॉम्प्युटरचं नाव काढलं की काका काशीमीऱ्याच्या गॅरेजवाल्याची गोष्ट काढायचे. गावात चर्चचा सण होता म्हणून काका एक दिवस रजेवर होते. त्या दिवशी पानं मालकांच्या भाच्यानं नुसती डोळ्यांखालून घातली. सकाळी पेपरात गॅरेजवाल्याचा हसरा फोटो आणि खाली, वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जागी, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. शुद्धलेखनाची एक चूक नाही. दुपारी तो माणूस स्वतः जिना चढून वर आला. सकाळपासून दारात पांढरे कपडे घालून माणसं येतायत, म्हणाला, आणि एका चुलत्यानं तर त्याला बघून किंकाळी फोडली.

मालक मागच्या दारानं पसार झाले. गॅरेजवाला सापडला तो काकांच्या तावडीत. काकांनी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला, त्याच्यासमोर बसून माफीनामा लिहिला आणि तो त्याच्याचकडून, विरामचिन्हांसकट, मोठ्यानं वाचून घेतला. भांडायला आलेला माणूस तासभर बसला आणि जाताना काकांच्या पाया पडून गेला. "चांगला वाचतो," काका सांगायचे. "गॅरेजमध्ये वाया गेला."

काकांपुढे कुणाचीच सुटका नव्हती. एकदा एक भावी नगरसेवक आपल्या वाढदिवसाची जाहिरात घेऊन आले. आम्ही त्यांच्यासमोरच वाचायला बसलो. "विकासपुरुष, उद्गारचिन्ह, उद्गारचिन्ह, उद्गारचिन्ह," मी ओरडत होते आणि काका गंभीर चेहऱ्यानं बोट सरकवत होते. मला वाटलं, साहेब आता भडकणार. ते मात्र डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "पुन्हा एकदा होऊ दे."

दुपारी डबा खाताना काका थोडे घरचं बोलायचे. सुकटीची चटणी माझ्या पोळीवर वाढायचे आणि सांगायचे. त्यांच्या बायकोला, म्हणजे मावशींना, जाऊन बरेच दिवस झाले होते. मुलगा आखातात, रविवारी व्हिडिओ कॉल करतो, तोही नातवाच्या अभ्यासातून वेळ काढून. "घरी टीव्ही बोलतो," काका एकदा म्हणाले. "पण त्याला मधे थांबवून काय बोलावं, तर ऐकत न्हाय." मी हसले. तेही हसले आणि डबा धुवायला उठले.

माझा शेवटचा आठवडा लागला तेव्हा मालक टेबलापाशी आले. "काका, ही गेली की हे वाचन बंद करू या. आता नवीन इंटर्न घेत नाहीय. सॉफ्टवेअर येतंय. तुम्ही शेवटी फक्त एक नजर टाकायची, बस्स. तुमचाच त्रास कमी." मला वाटलं, काका आता लबाड डोळ्यांचं पुराण सुरू करतील. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मालक गेल्यावर म्हणाले, "वाच."

शेवटचा दिवस शुक्रवार होता. माझ्या सर्टिफिकेटवर सकाळीच सही झाली होती. मी पेढे वाटले. ऑपरेटरनं चक्क एक हेडफोन कानातून काढून अभिनंदन केलं. सगळी पानं वाचून झाली, तेव्हा अजून उजेड होता. मी काकांच्या पाया पडायला वाकले तर म्हणाले, "ऊठ, ऊठ, पाठ धरेल."

मी बॅग खांद्याला लावली. तेवढ्यात काकांनी ड्रॉवर उघडून एक पान माझ्यापुढे सरकवलं. वरची पट्टी आत दुमडलेली होती. दुसरी प्रत त्यांनी स्वतःपुढे ओढली आणि तिच्यावर बोट ठेवलं.

"एक पान राहिलं हाय, बाय."

मी उभ्यानंच सुरुवात केली. "शहराच्या काही भागांत उद्या, स्वल्पविराम, शुक्रवारी, स्वल्पविराम, पाणीपुरवठा बंद..."

मी थांबले. शुक्रवार तर आजच होता. सकाळी आईनं मला हाका मारून उठवलं होतं, बादल्या, पातेली, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवायला लावला होता. ही बातमी आम्ही परवाच, कालच्या अंकासाठी, वाचली होती; दुमडलेल्या पट्टीत तीच तारीख असणार. पेपर छापून, विकून, एव्हाना कुठेतरी त्यात वडापाव बांधला गेला असेल.

मी काकांकडे पाहिलं. ज्यांच्या बोटाखालून साधा अनुस्वार निसटत नाही, त्यांना हे कालचं पान आहे हे कळलं नसेल, असं मला क्षणभरही वाटलं नाही. त्यांनी मान वर केली नाही. बोट 'बंद' या शब्दाखाली थांबलं होतं.

"थांबलीस का?"

"काही नाही, काका. आवाज लागत नाहीय."

त्यांनी खिशातली काडी पुढे केली. मी ती घेतली, बॅग खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसले. तेवढ्यात आईचा फोन आला. "निघालीस का गं? संपलं ना सगळं?"

"नाही गं," मी म्हणाले. "उशीर होईल. अजून सगळा अंक वाचायचाय."