जळालेल्या शाळेची यादी

त्र्यंबकनानांनी राखेला कुंपण घातलं होतं. बाभळीच्या काट्यांचं, चांगलं छातीइतकं उंच. आणि आपल्या जळून गेलेल्या शाळेसमोर, कुणाकडून तरी मागून आणलेली खुर्ची टाकून हा गृहस्थ दिवसभर पहारा देत बसे. मुलींचा वर्ग शेजारीच निंबाखाली भरायचा. नानांचा एक डोळा पाढ्यांवर, दुसरा राखेवर.

नरडाण्याहून दोन कोसांवर आमचं गाव. नाना तिथल्या मुलींच्या शाळेचे हेडमास्तर. मी त्यांचा शेजारी, तालुक्याला, ही शाळा चालवणाऱ्या बोर्डाच्या कचेरीत कारकून. संक्रांतीनंतर शाळेलगतच्या, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या गंजीने पेट घेतला आणि शाळा गेली. इमारतीचा आगीचा विमा होता, म्हणून सगळे निश्चिंत झाले. एकटे नाना विम्याचा कागद वाचत बसले. कंपनीचा माणूस पाहणी करून जाईपर्यंत जळालेली वस्तू जागची हलवू नये, असं त्यात कलम होतं. झालं! "आधी कलम वाचा" हे त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी बसलं ते बसलंच.

भांडी घासायला राख न्यायला बायका टोपल्या घेऊन आल्या. "नाना, टोपलीभरच लेस. राख शे ती, सोनं थोडंच शे?" म्हातारी भिकाअक्का म्हणाली. नानांनी तिला उभं करून अख्खं कलम ऐकवलं. शिमग्याला तरुण मंडळी अर्धवट जळके वासे होळीसाठी मागायला आली, त्यांच्यामागे ते छडी घेऊन वेशीपर्यंत धावले. शेळी आत शिरली तर शेळीच्या मालकाला नोटीस. मला तर हा माणूस डोळ्यासमोर नको झाला होता. दर आठवड्याला कंपनीला स्मरणपत्र लिहायला लावायचा आणि मी 'विनंती' लिहिलं की खोडून 'ताकीद' करायचा.

पण खरा राग कुणाचा यावा? दीड महिना कंपनीचा सर्व्हेअर फिरकला नाही. बोर्डाच्या अध्यक्षांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. दावा बुडाला तर मुलींची शाळा बंदच करून टाकू, असं ते पानाला चुना लावता लावता सांगत. पोरी शिकून कोणते दिवे लावणार आहेत, हे वर. आणि याच माणसाने जळालेल्या सामानाच्या यादीत एक हार्मोनियम आणि चार कपाटं घुसडायला मला सांगितली. मी मुकाट्याने घुसडली. त्याची मला अजून चीड येते.

नानांनी ती यादी माझ्यासमोर टराटरा फाडली. एक वस्तू खोटी निघाली की सगळा दावा बाद, असं कलम होतं. मग त्यांनी स्वतः यादी केली. कपाट एक, त्याचा एक पाय मोडका, खाली वीट. वीट शाबूत.

अखेर सर्व्हेअर आला. अध्यक्षांच्या बैलांच्या दमणीतून, अध्यक्षांसोबत, नाकाला रुमाल लावून. एकेक वस्तू राखेत ताडून पाहत तो यादी वाचत गेला आणि शेवटच्या ओळीवर थांबला.

"पाळणा, लाकडी, एक. शाळेत पाळणा?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. शेजारी राहून मी शाळेत कधी पाऊल टाकलं नव्हतं, पण शाळेत पाळणा नसतो एवढं मलाही कळत होतं. हार्मोनियमवरून माझी अब्रू काढणाऱ्याने पाळणा लिहावा? अध्यक्ष लालबुंद झाले. नाना मात्र कधी नव्हे ते हळू आवाजात बोलायला लागले. आया वावरात जातात, मग धाकट्या भावंडाला सांभाळायला मुलगी घरी राहते. म्हणून त्यांनी मुलींना भावंडासकट यायला सांगितलं होतं. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून ते शिकवत. हे बोर्डाच्या नियमात बसत नाही, तेही त्यांनीच सांगून टाकलं. आग लागल्यापासून त्यातल्या सात मुली आल्याच नव्हत्या.

"पाळणा बोर्डाचा नाही. माझ्या घरचा आहे," नाना म्हणाले.

"मग त्याची भरपाई मिळणार नाही."

"मागितलीय कुठे? किमतीचा रकाना कोरा आहे. जळालं ते लिहिलं."

सर्व्हेअरने नाकावरचा रुमाल खाली घेतला. त्या पाळण्यात नानांची किती मुलं वाढली, असं त्याने सहज विचारलं. नानांच्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती.

"आमच्या घरात तो कधी हलला नाही," ते म्हणाले. "इथे हलला."

दाव्याची शिफारस करतो, असं सर्व्हेअर जाताना म्हणाला. फक्त यादीची स्वच्छ प्रत त्याला अध्यक्षांच्या सहीने हवी होती. अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन बजावलं की पाळणा गाळ, बोर्डाचं हसं होईल.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी प्रत करायला बसलो. माझ्या सर्वांत सुवाच्य अक्षरात पाळण्याची ओळ मी सगळ्या वस्तूंच्या आधी लिहिली आणि कागद अध्यक्षांपुढे सहीला ठेवला. वाचून सही करायची त्यांना सवय नव्हती.