विहीणबाईंच्या कोंकार्नोत शरदमामा

माझा शरदमामा कोणाशीही मराठीतच बोलतो. कोणाशीही म्हणजे खरोखर कोणाशीही. आमच्या पेणकरपाड्यात फरसाणवाला गुजराती, भाजीवाला जौनपूरचा, इस्त्रीवाला आणखी कुठला तरी. आपण घराबाहेर पडलो की जिभेचा गियर आपोआप हिंदीत पडतो. मामाचा पडत नाही. यात अभिमानाबिभिमानाचा काही भाग नाही. समोरच्यानं मराठी बोलावं असा त्याचा मुळीच आग्रह नसतो. त्यानं त्याच्या भाषेत उत्तर द्यावं, मामाला चालतं. खरं कारण असं की मामाचं हिंदी भयंकर आहे. एकदा तो नव्या डॉक्टरला म्हणाला, ‘मेरे पेट में कळ आती है.’ डॉक्टर म्हणाला, मग कलच या. मामा पोट धरून घरी आला आणि त्यानं हिंदी कायमचं सोडलं.

‘कळतं रे माणसाला,’ तो म्हणतो. ‘कान दिलेत देवानं.’

आणि कळायचंही. गिरगावातल्या छापखान्यातून रिटायर होऊन तो इकडे आला, आणि वर्षभरात फरसाणवाला त्याला ‘या, बसा’ म्हणायला लागला. रविवारी मामा बस पकडून समुद्रकाठच्या चौक गावाला जाई, थेट होडीवरची मासळी घ्यायला. तिथं प्रत्येक पापलेटाचे कल्ले उघडून त्याची विचारपूस चाले. शेवटी कोळीणबाई कंटाळून विचारी, ‘काका, घ्यायचा हाय का न्हाय? का नुसता लगीन जमवताय?’ मग मामा मांदेली घेऊन परत येई.

असा हा बोलका माणूस एकाच व्यक्तीपुढे मुका होई. त्याची मुलगी, शलाका. ती नोकरीसाठी फ्रान्सला गेली आणि तिथल्याच यान नावाच्या मुलाशी लग्न करून ब्रिटनी नावाच्या प्रांतात समुद्रकाठच्या एका गावात राहिली. मामाचा लग्नाला विरोध नव्हता. पण लग्नानंतर काही महिन्यांतच मामी गेली, आणि बापलेकीचं बोलणं आटलं. मामीचा विषय निघेल या भीतीनं दोघंही विषयच काढत नसत. फोन आला की मी तिथं असलो तर ऐकायचो. ‘हो. जेवलो. तू? बरं. ठेवू?’ संपलं. मांदेलीच्या किमतीवर अर्धा तास बोलणारा माणूस मुलीशी असं बोलायचा, जसं काही तो तार पाठवतोय आणि शब्दाला पैसे पडतायत.

शलाका त्याला दरवर्षी बोलवायची. मामा दरवर्षी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं कारण द्यायचा. शेवटी तिनं मला फोन केला. म्हणाली, दादा, तू सोबत आलास तर बाबा येतील. मी रजा टाकली आणि टाकीची जबाबदारी सेक्रेटरीकडून कबूल करून घेतली. मामाचा नाइलाज झाला.

गावाचं नाव कोंकार्नो. मामानं ते ऐकलं आणि त्याचा चेहरा जरा सैल झाला. ‘म्हणजे कोकणच की,’ तो म्हणाला. त्यानं बिल्डिंगभर तसंच सांगितलं. परिणामी निघायच्या दिवशी वॉचमननं काजू आणायला सांगितले, दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी कोकमाच्या आगळाची रिकामी बाटली हातात दिली, भरून आणा म्हणून. मामानं ती बाटली इमानदारीत बॅगेत ठेवली.

बॅगेत आणखी एक गोष्ट होती, ती मला विमानतळावर वासावरून कळली. व्याह्यांकडे रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून मामानं चौकचे सुके बोंबील घेतले होते. सात प्लॅस्टिकच्या पिशव्या, वर धोतर, तरी बोंबील बोलत होते. पॅरिसला एका अधिकाऱ्यानं बॅग उघडायला लावली. मामानं त्याला मराठीत समजावलं की हे भुजायचे, वरून तेल आणि लिंबू, आणि जास्त खाऊ नका, उष्ण पडतात. तो माणूस शांतपणे ऐकत राहिला, मग हात हलवून जा म्हणाला. मामानं माझ्याकडे वळून बघितलं. ‘कळतं रे माणसाला’ असं ते बघणं होतं.

शलाका स्टेशनवर न्यायला आली होती. मामा म्हणाला, ‘बारीक झालीस.’ ती म्हणाली, ‘तुम्हीपण.’ घरापर्यंत एवढंच बोलणं झालं. बाकी वाटेत मीच हवामानावर बोलत राहिलो.

घर बंदराजवळ होतं. खाली यानची आई एकटी राहायची, वर हे दोघं. यानचे वडील खोल समुद्रात मासेमारीला जायचे, ते कधीच वारले होते. आईनं पोरवयापासून सार्डिन डबाबंद करायच्या कारखान्यात काम केलेलं. ठेंगणी, लालबुंद गालांची बाई. मामानं दारातच हात जोडले. ‘नमस्कार विहीणबाई.’ आणि बोंबलांची पुडी पुढे केली.

म्हातारीनं पुडी उघडली. मी आणि शलाकानं श्वास रोखला, वेगवेगळ्या कारणांसाठी. म्हातारीनं मात्र नाक आत घालून दीर्घ श्वास घेतला, डोळे मिटले, आणि आत जाऊन सार्डिनचा एक डबा आणून मामाच्या हातात ठेवला. मग हात जोडून म्हणाली, ‘विनिबाय.’ तिला वाटलं हा नमस्कारासारखा शब्द आहे. त्या दिवसापासून सकाळी मामा तिला विहीणबाई म्हणायचा आणि ती मामाला विहीणबाई म्हणायची. शलाकानं चूक सांगायचा प्रयत्न केला, पण मामानं तिला थांबवलं. म्हणाला, नातं कळलंय ना, मग राहू दे.

दोघांची गट्टी जमली. रोज जेवणानंतर ती मामाला गाव दाखवायला न्यायची, मी मागून. बंदराच्या मधोमध पाण्यात तटबंदीचं जुनं गाव आहे. मामा म्हणाला, वसईचा किल्लाच आहे, फक्त कोणीतरी धुऊन ठेवलाय. ओहोटीला होड्या चिखलात कलंडल्या, तेव्हा त्याला चौक आठवलं. तिथल्या काळपट पिठाच्या मोठ्या धिरड्याला त्यानं घावन ठरवलं आणि पहिलंच अंमळ जाड झाल्याचं करणाऱ्या बाईला जाऊन सांगितलं. मासळीबाजारात त्यानं एका अजस्र माशाचे कल्ले उघडले. मासेवाला ओरडला. विहीणबाई त्याच्याहून मोठ्यानं ओरडल्या. मग मासेवाल्यानं स्वतःच दुसऱ्या माशाचे कल्ले उघडून दाखवले.

विहीणबाई काय बोलतात ते शलाकालाही धड कळायचं नाही. यान म्हणाला, आई फ्रेंच बोलतच नाहीये. ती ब्रेटन बोलतेय, इथली जुनी बोली. लहानपणी शाळेत ही बोली बोलली म्हणून तिला शिक्षा व्हायची. पुढे नवऱ्याशी बोलायची. तो गेल्यावर तिनं ती सोडून दिली होती. यानलाही तिनं शिकवली नव्हती. आता मामा बिनदिक्कत आपलं मराठी लावतो म्हटल्यावर तिनंही आपलं काढलं होतं.

परतीच्या आदल्या दिवशी दुपारी मामा आणि विहीणबाई मागच्या अंगणात बाकावर बसली होती. मी आणि शलाका स्वयंपाकघरात भांडी धूत-पुसत होतो, खिडकी उघडी होती. विहीणबाई बराच वेळ काहीतरी सांगत होत्या, हातानं समुद्राकडे दाखवत. मग त्या थांबल्या आणि मामानं सुरुवात केली. मला वाटलं पापलेट असणार.

‘ही गेल्यापासून घरात आवाजच नाही बघा,’ मामा सांगत होता. ‘दुपारी फार वाईट. मग मी गॅलरीत बसतो आणि हिच्याशी बोलतो. मोठ्यानं. लोक वेडा म्हणतील म्हणून फोन कानाला लावतो. समोरच्या बिल्डिंगीत वाटतं, मुलीशी बोलतोय. मुलीशी काय बोलू? तिचा आवाज सेम हिच्यासारखा आहे. ‘जेवलात का’ म्हणते ना, तर पुढचं काही सुचत नाही मला.’

शलाकाच्या हातातली बशी तशीच राहिली. मी काही बोलणार तोवर ती ओल्या हातांनी बाहेर गेली आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसली. मामा दचकला. मग घाईघाईनं म्हणाला की इथली भांडी घासायची पावडर चांगली नाही, मी तिकडून पाठवतो.

तेवढ्यात विहीणबाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि एक छोटं वाक्य म्हणाल्या. ब्रेटनमधलं. शलाकाला ते कळणं शक्य नव्हतं.

‘काय म्हणाल्या गं?’ मामानं तिला विचारलं.

‘म्हणाल्या,’ शलाका म्हणाली, ‘पुढे सांगा. थांबू नका.’

मामानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग त्यानं घसा खाकरला आणि मामी पहिल्यांदा मासे साफ करायला बसली होती त्या दिवसाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. सांगताना तो बसल्या जागी थोडा वळला होता, शलाकाच्या बाजूला.