राजीनामा मंजूर

जयसिंहरावांच्या त्या पत्राला मधुसूदनरावांनी दोन वर्षे उत्तर दिले नव्हते. देणार तरी काय? "झालं ते पुरे झालं. वाद वाढवण्यात दोघांचीही शोभा नाही. आता राजीनामा होऊन जाऊ द्या. मी वाट पाहतो." एवढाच मजकूर आणि खाली वकिली वळणाची सही. हिंदी मुलखातल्या त्या शहराच्या लष्कर भागातल्या ज्या मराठी वाचनालयाचे चिटणीसपद मधुसूदनरावांनी निवृत्तीनंतर जिवापाड सांभाळले, ते सोडा म्हणून अध्यक्षांनी असे पोस्टाने सांगावे? आणि तेही कॉलेजात एका बाकावर बसलेल्या मित्राने?

भांडण पेन्सिलीवरून झाले होते. जयसिंहरावांना इतिहासाच्या पुस्तकात समासात 'साफ खोटे' असे लिहायची सवय होती. मधुसूदनरावांना ती सहन होईना, पण तोंडावर बोलायचा धीरही होईना. म्हणून त्यांनी फळ्यावर सूचना लावली : 'सुशिक्षितांनीही पुस्तकात लिहू नये.' त्यातल्या 'ही'वरून सभेत जयसिंहराव भडकले, आणि आठवड्याने ते पत्र आले. मधुसूदनरावांनी राजीनामाही दिला नाही आणि उत्तरही दिले नाही. तेव्हापासून दोघे वाचनालयातल्या एकाच मोठ्या टेबलाच्या दोन टोकांना बसत आणि मध्ये वर्तमानपत्र उभे धरत.

अशात मधुसूदनरावांचा भाचा हेमेंद्र सुट्टीला घरी आला. वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर दोन प्रोग्रॅम होते. एकाचे नाव 'दप्तर'; त्यात सभासद, पदाधिकारी आणि आलेल्या पत्रांच्या नोंदी. दुसरा 'लेखणी'; त्यातून पत्रे जात. एकातले दुसऱ्यात टाकायचे तर मधुसूदनराव आधी कागदावर उतरवून घेत. हेमेंद्रने ते पाहून कपाळाला हात लावला आणि दोन दिवस बसून दोन्ही प्रोग्रॅम जोडून दिले.

"मामा, अब ये दोनों आपस में बात करतील. दप्तरात तुम्ही काही लिहिलंत की ते लेखणीला निरोप देणार. लेखणी तुमच्या नमुन्यातलं पत्र काढून मेल करणार आणि काम झालं की दप्तराला उलट निरोप देणार. आपको कुछ नहीं करना है."

"मला न विचारता?"

"विचारत बसले तर फायदा काय, मामा?"

यात काहीतरी अनुचित आहे असे मधुसूदनरावांना वाटले, पण आपल्यालाच समजत नसेल म्हणून ते गप्प बसले. नमुने तर त्यांनीच हौसेने लिहून दिले होते : वर्गणीची आठवण, अभिनंदन, शोक, राजीनाम्याची मंजुरी. घरी हे ऐकून त्यांच्या पत्नी शरयूताई म्हणाल्या, "चला, यंत्रं एकमेकांशी बोलायला लागली. आता टेबलावरचे दोघे तेवढे राहिले."

हेमेंद्र परत गेल्यावर मधुसूदनराव जुन्या पत्रांच्या नोंदी करायला बसले. जयसिंहरावांचे पत्र हाती आले तेव्हा ते गाळावे असा मोह झाला. पण चिटणीसाने पत्र गाळायचे म्हणजे काय? त्यांनी लिहिले, प्रेषक : जयसिंहराव. विषयाशी अडले. बरेच शब्द मनात घोळवले, पण दुसरा कुठलाही शब्द खोटा झाला असता. शेवटी दातओठ खाऊन त्यांनी 'राजीनामा' लिहिले आणि बटण दाबले.

खाली ओळ उमटली : 'निरोप पाठवला.' लगेच दुसरी : 'निरोप मिळाला.' काय ही सभ्यता, असे त्यांच्या मनात येते तोच लेखणीने पत्र उघडले. 'माननीय महोदय, आपला राजीनामा मंजूर करण्यात येत आहे. आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल संस्था आपली ऋणी राहील.' आपलेच वाक्य, बरे उतरले आहे, असे क्षणभर वाटले. मग त्यांनी वरचे नाव वाचले. जयसिंहराव. प्रत सर्व सभासदांना.

ते खुर्चीतून अर्धे उठले. तोवर पत्र गेलेही होते. लेखणीने दप्तराला कळवले की अध्यक्ष गेले. दप्तराने इमानेइतबारे अध्यक्षपद रिकामे केले आणि घटनेतल्या कलमाप्रमाणे चिटणीसांना हंगामी अध्यक्ष नेमून तसा निरोप लेखणीला दिला. लेखणीने अभिनंदनाचा नमुना काढला. मधुसूदनरावांनी घाईघाईने बंद करायचे बटण दाबले, तर यंत्राने विचारले, 'तुमची खात्री आहे का?'

हा प्रश्न आयुष्यात ज्याने ज्याने विचारला, त्याला मधुसूदनरावांनी कधी झटकन 'हो' म्हटले नव्हते. आताही ते घुटमळले. तेवढ्यात वाचनालयाच्या हंगामी अध्यक्षांचे हार्दिक अभिनंदन गावभर पोचले.

पहिला फोन किला गेटजवळ राहणाऱ्या सभासद तुकोजींचा आला. "मधुसूदनराव, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात. तोंडातून शब्द नाही आणि सीधा तख्तच पलटवलंत." मधुसूदनराव म्हणाले, हे यंत्राने केले. तुकोजी हसले आणि म्हणाले, बडे लोग असंच म्हणतात. पाठोपाठ कुसुमताईंनी निरोप समारंभासाठी शाल कुठल्या रंगाची आणू म्हणून विचारले. कोणाचे अभिनंदन, कोणाला सल्ला. अध्यक्षांना असे एका ओळीत काढता येते का, एवढे मात्र एकानेही विचारले नाही. मधुसूदनरावांचा संताप संताप झाला. आपण एवढे कारस्थानी दिसतो? आणि दिसत असू, तर इतकी वर्षे कोणी बोलले का नाही?

हेमेंद्रला फोन लावला तर तो शांतपणे म्हणाला, "मामा, मेल एकदा गेली की वापस नहीं आती. पण कनेक्शन तर परफेक्ट चाललं ना?"

मधुसूदनरावांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या बोलण्याच्या मध्येच फोन ठेवला.

"आत्ताच्या आत्ता मुरारला जयसिंहरावांच्या घरी जा आणि त्यांना समजावून सांगा," ते घरी येताच शरयूताई म्हणाल्या. मधुसूदनरावांनी चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. काय सांगणार? राजीनामा त्याने माझा मागितला होता, पण चुकून त्याचाच मंजूर झाला? यावर कोण विश्वास ठेवील? ज्याच्याशी पुढेमागे बोलू अशी मनातून आशा होती, तो मित्र आता कायमचा गेला.

ते दारातच उभे होते, तोच फाटकाशी रिक्षा थांबली. जयसिंहराव उतरले. हातात तीळगुळाच्या गजकचा डबा.

"दोन वर्षं लावलीत, मधुसूदनराव," ते आत येत म्हणाले. "पण मंजूर केलंत. मानलं तुम्हाला."

मधुसूदनरावांना वाटले, हा उपरोध. "जयसिंहराव, ते पत्र मी..."

"राहू द्या. भाषा जरा सरकारी होती, पण चालतं. राजीनामा लेखीच हवा."

"म्हणजे तुम्हाला राग नाही आला?"

"राग कसला? मीच तर म्हटलं होतं, राजीनामा होऊन जाऊ द्या. कोर्टात आयुष्य गेलं माझं. दोन पक्ष राजी झाले की लिहून देतात, तो राजीनामा. समझौता हो."

मधुसूदनरावांनी पायातल्या चपला काढल्या. "मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडणं."

"मग मी काय तुम्हाला पद सोडायला सांगितलं, असं समजत होतात? दोन वर्षं?" जयसिंहरावांचा आवाज चढला. "आणि मी इकडे समजतोय की मी हात पुढे केला आणि हा माणूस शेकहँडसुद्धा करत नाही!"

शरयूताईंनी कपाटातला कोश काढून नवऱ्यापुढे ठेवला. त्यात दोन्ही अर्थ होते, एकाखाली एक. जन्मभर दुसऱ्यांना शब्द काढून दाखवणाऱ्या मधुसूदनरावांनी हा शब्द काढून पाहिला नव्हता, कारण त्याबद्दल मात्र त्यांची खात्री होती.

"पण अध्यक्षपद काढल्याची मेल आली असेल तुम्हाला," ते चाचरत म्हणाले.

"आली. मला वाटलं, ती तुमची अट." जयसिंहरावांनी डब्याचे झाकण उघडले. "म्हटलं, चला. खुर्ची तर खुर्ची. पुन्हा बोलायला तर लागू. पेन्सिलही घरी ठेवून आलोय."

मधुसूदनरावांनी गजकचा तुकडा उचलला आणि अर्धा मोडून जयसिंहरावांपुढे धरला. जयसिंहराव मात्र निघताना वकिलीवर आलेच. "ती मशीनची मंजुरी झाली. तुमची कुठे आहे? पोस्टानं पाठवलं होतं मी. पोस्टानंच हवंय."

संध्याकाळी मधुसूदनराव महाराज बाड्याच्या चौकात गेले आणि पोस्टाबाहेर उभ्या उभ्या एक कार्ड लिहिले : 'प्रिय जयसिंह, तुझा राजीनामा नामंजूर. तुझा राजीनामा मंजूर. मधू.' पेटीपाशी हात नेहमीप्रमाणे अडखळला. उघडे कार्ड, पोस्टमन वाचील, आणि लिहिणाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला आहे असे समजेल.

समजू दे, असे म्हणून त्यांनी ते आत टाकले.